आपल्या पूर्वजांची नोंद : शोध आणि बोध



दरवर्षी १७ डिसेंबरच्या मिस्सात संत मत्तयच्या शुभवर्तमानातील पहिली सतरा वचने वाचली जातात. अब्राहामापासून योसेफापर्यंत नावांमागून नावे येतात. वाचणारा अडखळतो, लहान मुले चुळबुळ करतात आणि मोठ्यांच्याही मनात येते, की या यादीतून आपण घ्यायचे तरी काय? पण मत्तयने आपल्या शुभवर्तमानाची सुरुवात याच यादीने केली आहे. येशूचे चमत्कार नंतर, शिकवण नंतर. आधी बापजाद्यांची नावे.

आपल्या घरांतही हा प्रश्न अधूनमधून निघतो. कोणाला आजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कोणाला वारसनोंदीसाठी कागद हवे असतात, तर कोणाला नातवंडे विचारतात, "आपण मूळचे कुठले?" मग घरात कोणीतरी अर्धवट आठवलेले गाव सांगते, दुसरा ते खोडून काढतो आणि विषय तिथेच थांबतो. या पाठात आपण दोन गोष्टी पाहू. पहिली, पूर्वजाच्या जीवनाचा शोध कागदपत्रांतून कसा घ्यावा. दुसरी, आणि आमच्या मते अधिक महत्त्वाची, जे सापडेल ते ख्रिस्ती माणसाने कसे वाचावे.

आजीची तीन वाक्ये

उदाहरण म्हणून असे समजू, की एका घरातली आजी सांगते, "आपला खापरपणजोबा गुंजवण्याचा. दुष्काळात इकडे आला. पुढे ख्रिस्ती झाला." एवढीच तीन वाक्ये. नाव नाही, साल नाही.

गुंजवणे हे पुणे जिल्ह्यातले, राजगडाच्या पायथ्याचे गाव. जुना वेल्हे तालुका, ज्याला आता राजगड तालुका म्हणतात, त्यात ते येते. गावातून निघणारी वाट चोरदरवाजाने पद्मावती माचीवर चढते, म्हणून गिर्यारोहकांना हे नाव ठाऊक आहे. डोंगराळ मुलूख, भाताची खाचरे, भरपूर पाऊस आणि थोडी जमीन. भोर-वेल्ह्याच्या या खोऱ्यांतून पिढ्यान् पिढ्या माणसे पोटासाठी पुण्याकडे आणि मुंबईकडे गेली. आजीचा खापरपणजोबा त्यांतलाच एक असू शकेल.

अशा माणसाचा माग लागेल का? लागू शकतो. पण त्याआधी याच मुलखातल्या एका घराण्याचे उदाहरण पाहू. तेथे एका घरातल्या कागदाने साऱ्या महाराष्ट्राला एक तारीख मिळवून दिली.

कारीच्या जेध्यांचे कागद

भोर तालुक्यात कारी नावाचे गाव आहे. तेथील जेधे हे रोहिड खोऱ्याचे देशमुख. शेजारच्या गुंजण मावळचे देशमुख शिळीमकर. वतनदारांच्या घरी कागद जपून ठेवण्याची रीत होती, कारण वतनाचा हक्क कागदावर टिकत असे. जेध्यांच्या घरी दोन प्रकारचे लेखन जपले गेले. एक 'शकावली', म्हणजे कोणत्या शकात, कोणत्या तिथीला काय घडले याच्या कोरड्या, तुटक नोंदी. दुसरा 'करीना', म्हणजे घराण्याची सांगितलेली हकीगत.

जेधे शकावलीत १६१८ ते १६९७ या काळातील नोंदी आहेत. लोकमान्य टिळकांनी ती मिळवली आणि १९१६ साली ती भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे प्रसिद्ध झाली. त्या वेळेपर्यंत छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ सालचा धरला जाई. शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद निघाली. ही तिथी येते १९ फेब्रुवारी १६३० ला. केवळ एका वहीवर विसंबून विद्वानांनी ती स्वीकारली नाही. महाराजांच्या काळातच कवींद्र परमानंदाने लिहिलेल्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यातही तीच तिथी सापडली. वाद अनेक वर्षे चालला. पुढे शासनानेही १९ फेब्रुवारी हीच तारीख मान्य केली.

करीन्याचे स्वरूप वेगळे आहे. तो गोष्ट सांगतो. अफजलखान स्वारीवर निघाला तेव्हा आदिलशहाने मावळातल्या देशमुखांना खानाला सामील होण्याची फर्माने पाठवली. कान्होजी जेध्यांना आलेले फर्मान १६ जून १६५९ चे आहे. कान्होजी आपल्या पाच मुलांसह महाराजांकडे गेले आणि त्यांनी आपल्या वतनावर पाणी सोडले, असे करीना सांगतो. वाचताना आजही मन भरून येते. पण करीना घराण्याने स्वतःविषयी सांगितलेला आहे आणि वतनाच्या वादात असे करीने पुढे केले जात, हेही ध्यानात ठेवावे लागते. म्हणून अभ्यासक फर्मान, शकावली आणि करीना एकमेकांशेजारी ठेवून वाचतात.

यातून आपल्याला दोन धडे मिळतात. पहिला, घरातली कोरडी नोंदही मोलाची असते, म्हणून जुनी ट्रंक रद्दीवाल्याला देण्यापूर्वी उघडून पाहावी. दुसरा, घरची गोष्ट आणि बाहेरची नोंद यांची भेट घडवल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. आजीची तीन वाक्ये हा आपला करीना आहे. आता शकावली शोधायची आहे.

ज्यांच्या घरी वही नव्हती

जेध्यांकडे करीना होता, कारण त्यांच्याकडे वतन होते. त्याच खोऱ्यांत नांगर धरणारे, गुरे राखणारे, गडावर लाकूड-पाणी वाहणारे जे लोक होते, त्यांची हकीगत कोणी लिहिली? बहुतेकांची कोणीच नाही. लिहिली गेली ती सारा घेण्यासाठी, वेठीसाठी किंवा गुन्ह्यासाठी. गरिबाचे नाव कागदावर चढे ते बहुधा त्याच्याकडून काही घ्यायचे असे म्हणून.

समुद्रापलीकडचे एक उदाहरण पाहू. १८३४ पासून पुढे सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर करारावर मॉरिशसला नेण्यात आले. कलकत्ता आणि मद्रासप्रमाणेच मुंबई बंदरातूनही जहाजे सुटत. त्यांत आपल्या कोकणातली मराठी माणसेही होती. उतरल्यावर प्रत्येकाला क्रमांक मिळे. वहीत नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, उंची आणि अंगावरची खूण लिहिली जाई. पुढे छायाचित्रेही काढली जाऊ लागली. हेतू एवढाच, की मजूर पळाला तर ओळखता यावा. पण आज त्याच वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत आणि मॉरिशसचे मराठी कुटुंब तेथे जाऊन आपल्या पणजोबाचे गाव शोधते. मजूर जेथे उतरत तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा ठरला. हिशेबासाठी लिहिलेली ओळ नातवंडांसाठी आशीर्वाद झाली.

हे वाचताना संत लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय आठवतो. कैसर औगुस्ताने नावनिशी लिहिण्याचा हुकूम काढला, तो काही परमेश्वराच्या गौरवासाठी नव्हे. तरीही त्या हुकुमामुळे योसेफ आणि मरिया बेथलेहेमला पोहोचली. राज्यकर्त्यांच्या वह्यांतूनही देव आपले काम करून घेतो.

चर्चचे रजिस्टर

आता आपल्या चर्चच्या रजिस्टरकडे येऊ. ट्रेंट येथील महासभेने १५६३ साली विवाहाची नोंदवही ठेवणे धर्मगुरूंना बंधनकारक केले आणि स्नानसंस्काराच्या वेळी धर्ममाता-धर्मपित्यांची नावे लिहून ठेवण्यास सांगितले. १६१४ साली आलेल्या रोमन विधिग्रंथात अशा वह्यांचे नमुने दिले गेले. आजच्या कायदासंहितेतील कलम ५३५ प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांची रजिस्टरे असलीच पाहिजेत आणि जुनी रजिस्टरे काळजीपूर्वक जपली पाहिजेत.

या रजिस्टरची एक गोष्ट मनात ठसण्यासारखी आहे. त्यात जमीनदाराच्या मुलासाठी जेवढी जागा, तेवढीच मोलकरणीच्या मुलीसाठी. कर्नलच्या नोंदीत जे रकाने, तेच त्याच्या घोड्याला खरारा करणाऱ्याच्या नोंदीत. आणि ही नोंद त्या माणसाकडून काही घेण्यासाठी केलेली नाही. त्याला काही दिले गेले म्हणून ती आहे. ज्याच्या घरी करीना नव्हता त्याच्या आईबापांची नावे, गाव आणि साक्षीला उभे राहिलेले दोन जण येथे लिहिले गेले.

पुणे परिसरात ही परंपरा जुनी आहे. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चची सुरुवात पेशवाईत, १७९२ साली झाली. सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या सैन्यातील ख्रिस्ती लोकांसाठी जागा दिली होती. पुणे धर्मप्रांत १८८६ साली स्थापन झाला. त्यातून १९८७ साली नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला आणि अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, तिकडे गेले. २००५ साली सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला. धर्मप्रांत बदलला, म्हणून शोध घेताना आज ते चर्च कोणत्या धर्मप्रांतात आहे हे आधी पाहावे.

शोध कसा घ्यावा

आजीच्या तीन वाक्यांपासून निघून पायरी पायरीने जाऊ.

पहिली पायरी : जिवंत माणसे. कागदाच्या आधी घरातल्या वृद्धांकडे बसावे. "आजोबांचे नाव काय?" एवढेच विचारू नये. "लग्नाला कोणत्या गावाहून वऱ्हाड आले होते? घरात हाक कोणत्या नावाने मारत? आत्याला कुठे दिले होते? कोणाच्या मातीला तुम्ही गेला होता?" असे विचारावे. बाप्तिस्म्याचे नाव एक, शाळेतले दुसरे आणि हाक मारायचे तिसरे, असे आपल्याकडे फार होते. ऐकलेले त्याच दिवशी लिहून, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घालून ठेवावे.

दुसरी पायरी : मागे मागे जाणे. एकदम खापरपणजोबांवर उडी घेऊ नये. स्वतःपासून आईवडील, मग आजोबा, मग पणजोबा, अशी एकेक कडी पक्की करीत जावे. बाप्तिस्म्याच्या नोंदीजवळचा समास नीट पाहायला सांगावे. १९०८ पासून विवाहाची माहितीही बाप्तिस्म्याच्या नोंदीत भरण्याचा नियम आहे. दृढीकरणही तेथेच नोंदले जाते. म्हणजे समासातली एक बारीक ओळ आपल्याला थेट दुसऱ्या गावच्या चर्चकडे पाठवू शकते.

तिसरी पायरी : भाषा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडील बहुतेक रजिस्टरे लॅटिनमध्ये आहेत. काही चर्चमध्ये पोर्तुगीजही आढळते. थोडे शब्द कळले तरी वाट सापडते. 'नातुस' म्हणजे जन्मलेला, 'फिलियुस' मुलगा, 'फिलिया' मुलगी, 'पात्रिनी' धर्मपालक, 'विदुआ' विधवा, 'सेपुल्तुस' पुरलेला. परदेशी धर्मगुरूंनी मराठी नावे आपल्या कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत. म्हणून गावाचे नाव मोठ्याने उच्चारून पाहावे. 'गुंजवणे' गाव, 'गुंजवणी' नदी आणि 'गुंजण मावळ' हा सारा मुलूख. लिहिणाऱ्याने यांतले नेमके काय ऐकले होते ते ठरवावे लागते. बाहेर गेलेला माणूस लहानशा वाडीचे नाव न सांगता ओळखीचे मोठे नाव सांगतो, हेही विसरू नये.

चौथी पायरी : सरकारी कागद. जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९ चा. त्याआधी गावोगाव जन्म-मृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये होई. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. जमिनीसाठी सातबारा सर्वांना माहीत आहे, पण नाती कळतात ती फेरफाराच्या नोंदीतून. बाप वारला आणि वारस कोण लागले हे तेथे लिहिलेले असते. शाळेचे जनरल रजिस्टरही पाहावे. फक्त तेथे जन्मतारीख १ जून दिसली, तर ती गुरुजींनी प्रवेशाच्या वेळी घातलेली असण्याचा संभव धरावा. भोर हे १९४८ पर्यंत पंत सचिवांचे संस्थान होते, म्हणून त्या मुलखातल्या गावाचा जुना कागद इंग्रजी जिल्ह्याच्या दप्तरात न मिळाल्यास आश्चर्य मानू नये. संस्थानी दप्तराची चौकशी करावी.

पाचवी पायरी : मोडी आणि शक. जुने कागद मोडीत असतात. २०२३ साली शासनाने नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी राज्यभर कुणबी नोंदी शोधल्या गेल्या, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची गरज सर्वांना कळली. आपल्या तरुणांनी ही लिपी शिकावी. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाने मोडीचे वर्ग चालवले आहेत. साल काढताना शकात ७८ मिळवावेत. तिथी पौषानंतरची, म्हणजे इसवी सनाचे नवे वर्ष लागल्यावरची असेल, तर ७९. जेध्यांची फाल्गुनातली नोंद १५५१ अधिक ७९ अशी १६३० होते ती यामुळेच. फसली साल असेल तर ५९० किंवा ५९१ मिळवावेत.

सहावी पायरी : काळाशी ताडून पाहणे. आजी म्हणाली, "दुष्काळात आला." कोणता दुष्काळ? १८७६-७८ चा, १८९६-९७ चा की १८९९-१९०० चा? १८७६-७८ च्या दुष्काळाची मोठी झळ पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांना बसली. गुंजवणे सह्याद्रीलगत, पावसाच्या मुलखात. मग तो खरोखर दुष्काळात निघाला, की सावकाराच्या कर्जापायी, की भाऊबंदकीमुळे? घराच्या आठवणीत प्रत्येक वाईट वर्ष 'दुष्काळ' होऊन बसते. १८९६-९७ ची प्लेगची साथ आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा यांच्या आसपास मृत्यूच्या नोंदी एकाखाली एक दाटलेल्या दिसतील. एकाच घरातली तीन नावे एका आठवड्यात दिसली, की त्या घरावर काय कोसळले असेल ते समजते. अशा पानावर थांबून एक प्रार्थना करावी.

कधी कधी वाट संपते. कागद वाळवीने खाल्लेला असतो, किंवा १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटून पुण्यात आलेल्या पुरासारख्या आपत्तीत वाहून गेलेला असतो. तेथे कल्पनेने पूल बांधू नये. "येथपर्यंत सापडले" असे लिहून थांबावे.

सापडले ते कसे वाचावे

आता खरा प्रश्न. पुष्कळ घरांत हा शोध सुरू होत नाही, तो कागद नाहीत म्हणून नव्हे. काय निघेल या भीतीने तो सुरू होत नाही.

काय निघू शकते? जात निघू शकते, जी आपण दोन पिढ्या कोणाला सांगितलेली नसते. दुष्काळात अन्नासाठी मिशनच्या दारात आलेला भुकेला मुलगा निघू शकतो. त्या वर्षांत अनेक मुले अनाथाश्रमांत आली. पंडिता रमाबाईंनी केडगावला शेकडो दुष्काळपीडित मुलींना आसरा दिला, तसाच इतर मिशनांनीही दिला. अशा मुलाच्या नोंदीत आईबापांचा रकाना रिकामा असतो. कधी लॅटिनमध्ये 'पात्रे इग्नोतो' असे शब्द असतात, म्हणजे बाप अज्ञात. हे वाचून घरात कोणी रजिस्टर बंद करते. दुसरा कोणी त्या जागी एखादे देशमुखी घराणे चिकटवतो आणि 'आम्ही मूळचे मोठ्या वतनाचे' असे मुलांना सांगू लागतो.

बंधू-भगिनींनो, दोन्ही वाटा खोट्या आहेत. मत्तयच्या यादीकडे परत वळून पाहू. त्याला यादी चकचकीत करता आली असती. दावीद आणि शलमोन असताना आणखी काय हवे होते? पण त्याने मरियेआधी चार स्त्रियांचा उल्लेख मुद्दाम ठेवला. तामार, जिला सासरच्यांनी न्याय नाकारला आणि जिने वेश बदलून तो मिळवला. राहाब, यरीहोतील वेश्या. रूथ, परमुलखातली मवाबी विधवा, जी दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून जगली. आणि चौथी, जिचे नाव न घेता मत्तय तिला उरीयाची बायको म्हणतो, म्हणजे दावीद राजाचे पापही तो झाकत नाही. आपल्या तारणाऱ्याच्या घराण्यातला एकही डाग त्याने पुसला नाही. ख्रिस्ताने ज्या रक्तात जन्म घेतला ते रक्त तुमच्या-आमच्यासारखेच होते.

मग भुकेपोटी चर्चच्या दारात आलेल्या खापरपणजोबांची लाज आपण का बाळगावी? तो भुकेला होता. कोणीतरी त्याला जेवू घातले. कोणीतरी त्याच्या शेजारी धर्मपिता म्हणून उभा राहिला आणि त्याचे नाव लिहिले गेले. पोटासाठी आला असेल. पण त्याने तो विश्वास टिकवला, मुलांना दिला आणि म्हणूनच आज आपण रविवारी या बाकांवर बसलो आहोत. रिकाम्या रकान्याच्या शेजारी धर्मपालकांचा रकाना भरलेला असतो. तो वाचायला विसरू नये. ज्याला आईबाप नव्हते त्याला ख्रिस्तसभेने तेथे नातेवाईक दिले.

जातीविषयीही स्पष्ट बोलू. पूर्वजाची जात कागदात निघाली तर ती खरी माहिती म्हणून स्वीकारावी. तिने मान ताठ करू नये आणि खालीही घालू नये. पूर्वजाने सोसलेला अन्याय नातवंडांना ठाऊक असलाच पाहिजे, म्हणजे तो अन्याय आपल्या हातून दुसऱ्यावर होणार नाही. आणि ज्यांच्या घरी मोठ्या वतनाचा पुरावा निघेल, त्यांनी बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांची हकीगत एज्राच्या दुसऱ्या अध्यायात वाचावी. तेथे वंशावळीचा कागद न सापडलेल्या याजकांना सेवेतून वगळण्यात आले. पुढे संत पौलाने तीमथ्याला अंतहीन वंशावळींच्या नादी लागण्याविरुद्ध इशारा दिला. ख्रिस्ताच्या घरात प्रवेश मिळतो तो बाप्तिस्म्याच्या पाण्याने.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. मेलेल्यांविषयी सत्य शोधणे वेगळे आणि जिवंतांचे गुपित उघड करणे वेगळे. दत्तकपणा किंवा एखाद्या मातेची जुनी व्यथा नोंदीतून कळली आणि त्याने आज कोणी जिवंत माणूस दुखावणार असेल, तर ते आपल्यापाशीच ठेवावे. याच कारणासाठी चर्चचे रजिस्टर कोणाच्याही हाती दिले जात नाही. दाखला किंवा माहिती हवी असल्यास धर्मग्राम कार्यालयात अर्ज द्यावा, आपले नाते सांगावे, अंदाजे वर्ष लिहावे आणि शोधणाऱ्याला वेळ द्यावा. पानांचे फोटो मागू नयेत.

या आठवड्यात काय करावे

प्रत्येक कुटुंबाने एक कोरा कागद घ्यावा. त्यावर चार पिढ्यांची नावे लिहावीत : बाप्तिस्म्याचे नाव, हाक मारायचे नाव, गाव, बाप्तिस्मा व लग्न कोणत्या चर्चमध्ये झाले, आणि मृत्यू कधी. बायकांची माहेरची नावे विसरू नयेत. आपल्या बहुतेक वंशावळींत आज्या-पणज्या गाळल्या जातात; मत्तयने तर त्यांची आठवण ठेवली. जे माहीत नाही तेथे जागा मोकळी सोडावी, भरण्याची घाई करू नये. हा कागद घरच्या बायबलमध्ये ठेवावा. २ नोव्हेंबरच्या मृतांच्या मिस्सासाठी नावे देताना याच कागदावरून द्यावीत. 'सर्व मृत नातेवाईक' एवढेच न लिहिता एकेक नाव लिहावे.

आजीच्या तीन वाक्यांचे शेवटी काय होईल? कदाचित एखाद्या रजिस्टरात ती ओळ सापडेल. कदाचित गुंजवणे हे गाव पक्के होईल आणि दुष्काळ खोटा ठरेल. कदाचित काहीच हाती लागणार नाही. तरीही शोध वाया जात नाही. संत लूक येशूची वंशावळ उलट दिशेने सांगतो. तो पुत्राकडून पित्याकडे, मागे मागे जात आदामापर्यंत पोहोचतो आणि तेथेही न थांबता आदामाला देवाचा म्हणतो. कारीच्या देशमुखांची वंशावळ असो, मॉरिशसच्या क्रमांकाच्या मजुराची असो की बाप अज्ञात असलेल्या अनाथाची असो, मागे नेली तर ती एकाच पित्यापाशी पोहोचते. तेथे कोणाचाही रकाना रिकामा नाही.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात अशी कोणती व्यक्ती आहे जिच्याविषयी कोणी बोलत नाही? का बोलत नाही?

२. आपल्या घराण्यात ख्रिस्ती विश्वास प्रथम कोणी स्वीकारला? त्या वेळी त्यांना आधार कोणी दिला?

३. आपल्या धर्मपालकांची नावे आपल्याला ठाऊक आहेत का? त्यांच्यासाठी आपण शेवटची प्रार्थना केव्हा केली?

४. आज आपल्या दारात भुकेला किंवा निराधार कोणी आला, तर पुढच्या पिढ्या आपल्याविषयी काय वाचतील?

प्रार्थना

हे दयाळू पित्या, ज्यांची नावे आम्हांला ठाऊक आहेत आणि ज्यांची ठाऊक नाहीत, त्या आमच्या सर्व पूर्वजांना तू ओळखतोस. त्यांच्या कष्टांबद्दल, त्यांच्या भुकेबद्दल आणि त्यांनी आम्हांपर्यंत पोहोचवलेल्या विश्वासाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. त्यांची लाज आम्ही बाळगू नये आणि त्यांच्या नावाचा गर्व करू नये, अशी बुद्धी आम्हांला दे. त्यांना तुझ्या घरी विसावा लाभो, आणि आमची नावे त्यांच्या शेजारी लिहिली जावीत. आमच्या प्रभू ख्रिस्ताद्वारे. आमेन.